पिशवीत सापडलेली पुस्तके

धर्मगुरूच्या टेबलावर बायबल, प्रार्थनाग्रंथ आणि धर्मशिक्षणाची पुस्तके असावीत अशी आपल्या भाविकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. परंतु सेमिनरीतील दीर्घ अध्ययनानंतरही वाचनाची भूक काही शमत नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान आम्ही परीक्षेसाठी वाचले. कथा, कादंबरी, नाटक मात्र सवडीने, झोपण्यापूर्वी किंवा प्रवासात. मी समीक्षक नाही, साहित्याचा प्राध्यापकही नाही. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना एस.टी.च्या खिडकीशी बसून हाती येईल ते वाचणारा एक साधा वाचक आहे. ह्या हौशी वाचनात, मिशनच्या कपाटात सहसा न आढळणारी दोन प्रकारची पुस्तके गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आली. एक प्रकार राजकीय बंडखोरीच्या पुस्तकांचा. दुसरा समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या जीवनावरील पुस्तकांचा. वरवर पाहता दोहोंत काही नाते नाही. तथापि आपल्या घरांत ही पुस्तके एकाच रीतीने सापडतात: मुलांच्या पिशवीत, कपड्यांच्या खाली, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली.

धर्मगुरूने असली पुस्तके वाचावीत काय, असा प्रश्न कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून मी कै. पोप फ्रान्सिस ह्यांच्या १७ जुलै २०२४ च्या पत्राकडे बोट दाखवीन. मनुष्याच्या घडणीत साहित्याचे स्थान काय, हा त्या पत्राचा विषय. ते आधी धर्मगुरूंच्या शिक्षणापुरतेच लिहावयाचे होते. पुढे पोप महोदयांनी ते सर्व ख्रिस्तजनांना उद्देशून लिहिले. त्यात त्यांनी आपल्या तरुणपणाची एक आठवण सांगितली आहे. १९६४-६५ साली ते अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय विद्यालयात साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात जुने वीरकाव्य होते. मुलांना हवा होता गार्सिया लोर्का. तरुण शिक्षकाने तडजोड केली: वीरकाव्य घरी वाचा, वर्गात आपण तुमच्या आवडीचे लेखक घेऊ. आता हा लोर्का कोण? स्पेनचा थोर कवी. समलिंगी होता, रंजल्यागांजलेल्यांच्या बाजूचा होता आणि १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या यादवी युद्धात त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. मी वर सांगितलेले दोन्ही प्रकार त्या एका कवीत एकत्र आलेले आहेत.

प्रथम बंडखोरीच्या पुस्तकांविषयी. आपल्या जिल्ह्यांत हा विषय पुस्तकी नाही. १९८० साली आंध्रातून नक्षलवाद्यांची दले गोदावरी ओलांडून सिरोंच्याच्या बाजूने आली, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. ही दले ज्या गावांत शिरली तेथे तेंदूपत्त्याच्या पुड्याला आणि बांबूतोडीला मिळणारी मजुरी लाज वाटावी इतकी कमी होती. वनरक्षक आणि ठेकेदार हेच तेथील राजे होते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घालविलेले विलास मनोहर ह्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. ती वाचताना मला विशेष जाणवले ते हे की, लेखक माडिया माणसांमध्ये राहिलेला आहे. तो त्यांच्याविषयी ऐकीव लिहीत नाही. माणूस बंदुकीकडे वळतो तो पोथी वाचून वळतो असे शहरातल्या आपल्या लोकांना वाटते. ज्यांच्या हाती कधी पुस्तकच आले नाही अशी मुलेही जंगलात गेली, हे आपण ध्यानात घेत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. बल्लारपूरचा कागद कारखाना दशकानुदशके आपल्या जंगलातील बांबूवर चालला. त्या कागदाच्या वह्यांवर आपली मुले शिकली. आपली कित्येक पुस्तके त्यावर छापली गेली असतील. ज्या हातांनी तो बांबू तोडला ते हात मात्र पुस्तकापर्यंत पोचले नाहीत. बंडखोरीच्या साहित्याची चर्चा करताना हा हिशेब विसरू नये असे मला वाटते.

एकदा गडचिरोलीकडचा एक आदिवासी तरुण, आपल्याच वसतिगृहात शिकून महाविद्यालयात गेलेला, माझ्याकडून ही कादंबरी मागून घेऊन गेला. जाताना त्याने जुन्या कॅलेंडरचे पान मागितले. पवित्र कुटुंबाचे चित्र असलेले ते पान त्याने पुस्तकावर चढविले आणि म्हणाला, “फादर, रस्त्यात तपासणी असते. कशाला उगाच?” पुस्तक उघड्यावर मिळणारे, ग्रंथालयांत असलेले. तरीही ज्याचे आडनाव आणि गाव विशिष्ट आहे अशा मुलाला ते पवित्र कुटुंबाच्या आड न्यावे लागते. माझ्या पिशवीत तेच पुस्तक असते तर मला कुणी हटकले नसते.

त्याची भीती निराधार नव्हती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीस येथील दीक्षाभूमीवर दरवर्षी मोठा मेळा भरतो आणि त्यात पुस्तकांची विक्री फार मोठी असते. ऑक्टोबर २००७ मध्ये ह्याच मेळ्यातून दिल्लीच्या दानिश बुक्स ह्या प्रकाशनाची पुस्तके पोलिसांनी ताब्यात घेतली. त्यांत भगतसिंगांवरील पुस्तकेही होती. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्हर्नन गोन्साल्विस ह्यांच्या जामीन अर्जावर सुनावणी चालू असताना, त्यांच्या घरात सापडलेल्या पुस्तकांवरून प्रश्न विचारले गेले आणि त्यांची चर्चा देशभर झाली. गोन्साल्विस आणि वांद्र्याच्या कॅथलिक घरातले अरुण फरेरा ह्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन दिला. हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य जवळ बाळगणे एवढ्यावरून कुणी दहशतवादी ठरत नाही, असे त्या निर्णयात स्पष्ट झाले. त्याच खटल्यात अटक झालेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी मात्र तो निर्णय पाहावयास उरले नव्हते. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत त्यांनी वांद्र्याच्या रुग्णालयात देह ठेवला. खटल्यातील खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायालये करतील. मी येथे केवळ पुस्तकांविषयी बोलतो आहे.

आणि पुस्तकांवर बंदी घालण्याविषयी आपण ख्रिस्तजनांनी फार मानभावीपणे बोलू नये. निषिद्ध ग्रंथांची यादी ख्रिस्तसभेने १५५९ साली काढली आणि १९६६ साली ती रद्द होईपर्यंत चारशे वर्षे चालविली. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ सुमारे शतकभर त्या यादीत होती. तिच्यात एका दयाळू बिशपाचे असे चित्र आहे की प्रत्येक सेमिनरीत ते वाचून दाखवावे! साने गुरुजींनी ‘दुःखी’ ह्या नावाने ती मराठीत आणली आणि सर्वधर्मीय घरांतील मुलांनी ती रडत रडत वाचली. कार्ल मार्क्स मात्र त्या यादीत कधीच नव्हता. ज्याची भीती धरावी ते पुस्तक कोणते, हे भल्याभल्यांनाही कळत नाही असाच ह्याचा अर्थ. जुन्या करारातील यहोयाकीम राजाचे उदाहरण आपणांस ठाऊक आहेच. यिर्मयाची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जात होती आणि राजा चाकूने तिचे तुकडे कापून शेगडीत टाकीत होता. पुढे बारूखने तो सर्व मजकूर पुन्हा लिहून काढला आणि त्यात आणखी बरीच भर पडली.

ह्याचा अर्थ त्या पुस्तकांतले सर्व काही मला पटते असा नाही. क्रांतीच्या बाजूने लिहिणाऱ्यांची एक उणीव मला सतत बोचते. ते मृतांची मोजणी एकाच बाजूने करतात. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यात चकमकीत मारल्या गेलेल्या तरुण-तरुणींसाठी त्यांच्या डोळ्यांत अश्रू असतात. ते असावेतच, कारण तीही कुणाची तरी लेकरे होती. परंतु १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मेला, त्यांच्यासाठी पान सापडत नाही. ‘खबऱ्या’ म्हणून रात्री झोपेतून उठवून नेलेल्या आणि सकाळी गावाच्या वाटेवर टाकलेल्या गरीब आदिवासीसाठी तर ओळही सापडत नाही. १९९० पासून स्थानिक तरुणांना घेऊन पोलिसांचे विशेष पथक उभे राहिले. म्हणजे जंगलातला आणि पोलिसांतला, दोघेही त्याच मातीतले, एकच भाषा बोलणारे. काइनाला परमेश्वराने विचारलेला प्रश्न मला अशा वेळी आठवतो; भाऊ कोठे आहे, एवढेच विचारणे होते, त्याचा पक्ष कोणता हे नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा एक ज्येष्ठ नेता भूपती सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. इतक्या वर्षांत काय मिळविले, काय गमाविले, ह्याचा प्रामाणिक जमाखर्च मांडणारे पुस्तक त्यांच्यापैकी कुणी लिहिले तर मी ते पहिल्यांदा विकत घेईन.

ह्याच जिल्ह्यात बंदुकीवाचूनही क्रांती झाली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या लहानशा गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळाला. मिलिंद बोकील ह्यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकात हे सर्व सांगितले आहे. देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल (जानेवारी २०२५ मध्ये ते निवर्तले) ह्यांनी तेथे जे साधले त्याचे मूळ अभ्यासगटात होते. लोक एकत्र बसत, कायदा वाचीत, प्रश्न विचारीत आणि सर्वांच्या संमतीवाचून निर्णय घेत नसत. त्यांनी वाचनाला लपविण्याची वस्तू केली नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. हा विषय काढताच आपल्या सभागृहात शांतता पसरते, हे मला माहीत आहे. म्हणून आधी एक योगायोग सांगतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. त्याच तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आणले. सुमित्रा नावाच्या, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची ती शोकांतिका. पुढच्या पिढीत मुंबईचे जेरी पिंटो ह्यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ आणि बाबुराव बागुलांच्या कथा इंग्रजीत नेल्या आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरीही त्यांनीच नेली. ज्याला एका बहिष्कृताचे दुःख ऐकू येते त्याला दुसऱ्याचेही ऐकू येऊ लागते, असे ह्यावरून मला वाटते.

‘मित्राची गोष्ट’मधील बापू हा सुमित्राचा मित्र. तो सज्जन आहे, तिचे सर्व ऐकून घेतो, आणि तरीही तिला वाचवू शकत नाही. हे नाटक वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. धर्मगुरूचे काम पुष्कळसे बापूसारखेच असते. आम्ही ऐकतो. परंतु ऐकून झाल्यावर आपले माणूस कोणत्या घरी परत जाते, हे आमच्या हाती नसते. ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये पुण्यातील एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या तरुणावर प्रेम करतात आणि दोघांचेही हृदय भंगते. त्यात मला सर्वांत अधिक लागली ती घरातील अबोला धरण्याची रीत; सगळे जेवतात, झोपतात, कामाला जातात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन त्या मानाने बोलके, कधीकधी स्वतःवरच खूष असलेले. पण त्यातील वडिलांचे प्रेम विसरता येत नाही.

एका मातेची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत आणि तिची संमती घेतली आहे. एका संध्याकाळी ती कार्यालयात आली. पदराखालून तिने बिंदुमाधव खिरे ह्यांचे ‘पार्टनर’ हे पुस्तक काढून टेबलावर उपडे ठेवले. “फादर, माह्या पोराच्या पिशवीत सापडलं. जाळून टाकू का?” मुलगा नागपुरास शिकत होता, सुट्टीवर आला होता. मी विचारले, “ताई, तुम्ही वाचलं का?” ती म्हणाली, “नाव वाचलं. चार पानं वाचली. पुढं हातच धजला नाही.” मी म्हणालो, “जाळायचं की नाही ते मग ठरवू. आधी पूर्ण वाचा. आणि ज्या ठिकाणी होतं तिथंच परत ठेवा.” तिला माझा राग आला असावा. जाताना ती म्हणाली, “तुम्ही तरी त्याले समजावून सांगाल वाटलं होतं.”

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पुस्तक तिने दोनदा वाचले होते. मला म्हणाली, “फादर, ह्यात जे आईचं लिवलं आहे ना, तसं मी बोलली त्याच्याशी. लग्नाचं नाव काढून काढून त्याचा जीव खाल्ला मी.” मग बराच वेळ ती गप्प बसली. “पण त्याच्या बाबाले कसं सांगू?” ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि मी तसे तिला सांगितले. आम्ही मिळून एक रहस्यमाळ म्हटली. ते घर अजून अर्ध्या वाटेवर आहे. मुलगा सुट्टीला घरी येतो, आईशी बोलतो. वडील त्याच्या ताटात भाजी वाढतात, बोलत नाहीत. परंतु तो येतो. ज्या घरांत मुले येईनाशी झाली, किंवा जी कायमचीच गेली, त्या घरांतील आयांचे अश्रू ज्याने पाहिले आहेत त्याला हे थोडे वाटणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण मी येथे झाकून ठेवीत नाही. विवाह हा स्त्री आणि पुरुष ह्यांमधील संस्कार आहे, ही शिकवण बदललेली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये रोमने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली तेव्हाही विवाहाचा अर्थ तोच ठेवला. परंतु १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथानेच असेही सांगितले आहे की, ह्या व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा. पहिले वाक्य आपल्या घरांत सर्वांना पाठ आहे. दुसरे फार थोड्यांनी ऐकले आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस ह्यांनी, समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानणे आपणांस मान्य नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानेही प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. कायद्याने ज्याला गुन्हेगार म्हणणे थांबविले त्याला त्याच्याच आईने चोरासारखे वागवू नये, एवढे तरी आपल्या धर्मग्रामात व्हावे.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकातील आठव्या अध्यायात एक वाचक आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचीत चालला होता. तो षंढ होता. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे त्याला परमेश्वराच्या मंडळीत स्थान नव्हते. तरीही तो यरुशलेमला उपासनेसाठी गेला होता आणि परतताना, न समजणारे पुस्तक उघडून, मोठ्याने वाचीत होता. पवित्र आत्म्याने फिलिप्पाला त्या रथाजवळ पाठविले. फिलिप्पाने त्याच्या हातून गुंडाळी हिसकावली नाही, ‘तू हे वाचू नकोस’ असे म्हटले नाही. वाचतोस ते तुला समजते काय, असे विचारले, आणि बोलावणे येताच तो वर चढून त्याच्या शेजारी बसला. वाटेत पाणी लागले तेव्हा त्याला स्नानसंस्कार देण्यास त्याने क्षणाचाही विलंब लावला नाही. ह्याच यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात षंढांना मुलामुलींहून श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन आहे. त्या रथातील वाचक तेथवर पोचला होता की नाही, हे लूक सांगत नाही.

आपल्या मुलांच्या पिशवीत उद्या असे एखादे पुस्तक सापडले तर काय करावे, असे पालक मला विचारतात. माझी विनंती साधी आहे. आधी स्वतः वाचा. न पटलेल्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करा. मग मुलाला किंवा मुलीला, दार बंद करून आणि आवाज न चढविता, विचारा की ह्यातले तुला काय भावले. उत्तर ऐकताना मध्येच उपदेश करू नका. उपदेशासाठी रविवारी आम्ही आहोतच. जर ते पुस्तक सूड शिकवीत असेल, तर त्या सुडाखाली कोणती जखम आहे ते शोधा. जर ते पुस्तक मुलाच्या एकटेपणाविषयी बोलत असेल, तर ते त्याला दुकानात का शोधावे लागले, ह्याचा घरच्यांनी विचार करावा.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही एक लहान कपाट ठेवले आहे. त्यात संतचरित्रे आहेत, तसे ‘बलुतं’ही आहे, मेंढा गावाचे पुस्तक आहे आणि वर उल्लेखिलेली आणखी काही आहेत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सात-आठ माणसे जमतात. वादही होतात. मागच्या वेळी एका निवृत्त कोळसा खाण कामगाराने ‘कोबाल्ट ब्लू’ परत करताना सांगितले, “फादर, पोरांचं काही मला पटलं नाही, पण त्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही हे मात्र खरं लिहिलं आहे.” त्या कपाटाला कुलूप नाही आणि तेथील कोणत्याही पुस्तकावर कॅलेंडरच्या पानाचे वेष्टन नाही. वाचक बंधुभगिनींनो, आपापल्या धर्मग्रामात असे एक कपाट ठेवता येईल काय, ह्याचा अवश्य विचार करावा.